संकष्टीचा चंद्र आणि कोरलचं टायमिंग : ग्रेट बॅरियर रीफवरचा नोव्हेंबर

कोरल स्पॉनिंग, म्हणजे प्रवाळांचं एकदम अंडी सोडणं, बघायला जायचं असेल तर विमानाच्या तिकिटाआधी कॅलेंडर उघडायचं, आणि त्यातल्या तारखा नाही तर तिथी बघायच्या. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याला लागून जवळपास २३०० किमी पसरलेली ग्रेट बॅरियर रीफ, तिच्यावरच्या शंभराहून जास्त जातींची कोरल वर्षातून एकदाच, मोजक्या रात्रींत, आपली अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. बाकी वर्षभर कधीही जा, हे दिसणार नाही. ढोबळ हिशोब असा की ऑक्टोबर ते डिसेंबरमधली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरची चौथी ते सहावी रात्र. किनाऱ्याजवळच्या रीफवर आधी होतं, बहुतेक ऑक्टोबरच्या पौर्णिमेनंतर, आणि खोल समुद्रातल्या बाहेरच्या रीफवर नोव्हेंबर-डिसेंबरात. रीफजवळच्या केर्न्स शहरातून बोटी जातात त्या बाहेरच्या रीफवर, म्हणून आम्ही कार्तिक पौर्णिमा धरली.

व्हिसा-फ्लाइटचं सांगत बसत नाही, सगळ्यांचं होतं तसंच आमचंही झालं. एवढंच की बोटीचं बुकिंग करताना "स्पॉनिंग दिसेलच याची खात्री नाही" असं स्पष्ट लिहून येतं, ते नीट वाचूनच पैसे भरायचे.

पौर्णिमा, केर्न्स

दुपारी विमानातून उतरलो आणि पाच मिनिटांत शर्ट अंगाला चिकटला. तिकडे नोव्हेंबर म्हणजे वसंताची अखेर, पावसाळा तोंडावर आलेला, या दमट दिवसांना तिथले लोक बिल्ड-अप म्हणतात आणि प्रत्येक जण भेटल्यावर आधी त्याबद्दलच कुरकुरतो. शहरासमोर समुद्र आहे पण बीच नाही, ओहोटीला नुसता चिखल, त्यावर पेलिकन आणि बारीक पायांचे पक्षी, काठाला मगरींच्या पाट्या. वर नोव्हेंबर ते मे पाण्यात बॉक्स जेलीफिश. म्हणून एस्प्लनेडवर खाऱ्या पाण्याचा मोठा फुकट तलाव बांधलाय, संध्याकाळी अख्खं गाव तिथेच डुंबत असतं, आम्हीही डुंबलो.

साडेसहाच्या सुमाराला सूर्य मागच्या डोंगरात गेला आणि जवळपास त्याच वेळी समोर खाडीवर चंद्र आला. नवऱ्याने फोटो काढले, मी मात्र घड्याळ बघत होते, कारण या सगळ्या ट्रिपचं गणित या दोन वेळांत आहे. पौर्णिमेला सूर्य मावळतो तेव्हाच चंद्र उगवतो, मध्ये काळोख नाहीच. नंतर चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो, आणि सूर्यास्त ते चंद्रोदय हा काळोखाचा तुकडा रोज मोठा होत जातो. कोरल याच तुकड्याची वाट बघत असतात. आपल्याला हे शिकवायला नको, संकष्टीला चंद्रोदय किती वाजता म्हणून कालनिर्णय उलटून बघणारी माणसं आपण.

रात्री दोन वाजता खिडकीखाली कोणीतरी बाई किंचाळली असं वाटून आम्ही दोघं ताडकन उठलो. पुन्हा किंचाळली. नवरा म्हणाला, "अगं, पोलिसांना फोन करूया का?" रिसेप्शनवर विचारलं तर तो मुलगा हसायलाच लागला, म्हणाला कर्ल्यू आहे, पक्षी. सकाळी बघितला, लांब पायांचा, मोठ्या डोळ्यांचा, हॉटेलच्या लॉनवर एकदम गरीब चेहरा करून उभा होता. केर्न्सला जाणार असाल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

द्वितीया, अजून शहरातच

लवकर येऊन बसायचं कारण म्हणजे समुद्राची सवय आणि जेटलॅग, दोन्ही डाइव्हच्या आधी संपवायचे होते. शुक्रवार ते रविवार रस्टीज मार्केट भरतं तिथे गेलो. आंब्याचा सीझन नुकताच सुरू झालेला, केन्सिंग्टन प्राइड नावाचा आंबा, मोठा, पिवळ्यावर गुलाबी गाल, वास छान, थोडा रेषेदार. हापूसशी तुलना करायची नाही असं आमचं ठरलं होतं, नवऱ्याने पहिल्या फोडीलाच केली.

आंबे विकणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, तरुणपणी टाउन्सव्हिलच्या, म्हणजे याच किनाऱ्यावरच्या दक्षिणेकडच्या शहराच्या, बाजूला बोटींवर काम केलेले. आम्ही स्पॉनिंगला आलोय म्हटल्यावर त्यांनी गिऱ्हाईक सोडून गप्पा सुरू केल्या. म्हणाले, त्या काळात पाण्यावर सकाळी गुलाबी-तपकिरी पट्टे दिसायचे, वास मारायचा, आम्ही म्हणायचो कुठल्या तरी जहाजाने घाण सोडली, किंवा शेवाळ. कोरलचं आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

आणि ते खरं आहे. एवढी प्रचंड घटना, आणि शास्त्रज्ञांना ती कळली १९८० च्या दशकात. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक युनिव्हर्सिटीतली पीटर हॅरिसन, कार्डन वॉलेस, रस बॅबकॉक, बेट विलिस वगैरे तरुण मंडळी, त्यांनी १९८१ आणि १९८२ च्या वसंतात पौर्णिमेनंतरच्या रात्री पाण्यात काढल्या आणि तीन ठिकाणी मिळून ३२ जाती एकाच वेळी स्पॉन होताना बघितल्या. १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये पेपर आला. तोपर्यंत पुस्तकांत असं होतं की बहुतेक कोरल फलन आतच करून घेतात आणि तयार पिल्लं बाहेर सोडतात. तशी सोडणारी आहेतही, पण बहुसंख्य नाहीत. वर्षातल्या तीन-चार रात्री, त्याही अंधारात, त्याही पाण्याखाली, कोण कशाला जाऊन बघणार होतं म्हणा. हॅरिसन यांनी पुढे आयुष्यच यात घातलं, समुद्रावरची ही अंडी गोळा करून त्यांची पिल्लं तरंगत्या टाक्यांत वाढवायची आणि उजाड रीफवर नेऊन सोडायची, असं त्यांचं काम आहे, लोक त्याला कोरल आयव्हीएफ म्हणतात.

एक कामाची गोष्ट. ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सची वेदर स्टेशन्स रीफवर बसवलेली आहेत आणि पाण्याचं तापमान ऑनलाइन बघता येतं. निघायच्या महिनाभर आधीपासून ते बघत राहा. पाणी हळूहळू चढत २६-२७ अंशाला आलं असेल तर आशा ठेवायला हरकत नाही. थंडी रेंगाळली असेल तर कोरल पुढच्या पौर्णिमेवर ढकलू शकतात.

तृतीया, बोटीवर

किनाऱ्यापासून बाहेरची रीफ पन्नासेक किलोमीटर. सकाळी निघालो, वारा पडलेला, तरी उघड्या समुद्रात बोट डुलतेच, उलटीची गोळी निघायच्या तासभर आधी घ्या, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. आम्ही फ्लिन रीफच्या आडोशाला नांगरलो. बोटीवर सगळी हौशी मंडळी, मेलबर्नचं एक रिटायर्ड जोडपं, एक जपानी फोटोग्राफर ज्याच्या कॅमेऱ्याला आमच्या दोघांच्या बॅगांपेक्षा जास्त जागा लागत होती, आणि एक मरीन बायोलॉजिस्ट मुलगी, टाउन्सव्हिललाच शिकलेली, दरवर्षी या दिवसांत बोटीवर असते. सगळी ट्रिप तिने सांभाळली असं म्हटलं तरी चालेल.

दिवसाच्या डाइव्हमध्ये रीफ बघून घेतली. काही ठिकाणी अक्षरशः पाय ठेवायला जागा नाही इतकी स्टॅगहॉर्न, म्हणजे शिंगांसारख्या फांद्यांची कोरल, निळी टोकं, तपकिरी फांद्या, मध्ये ब्रेन कोरलचे गोळे. आणि काही ठिकाणी नुसता ढिगारा, मोडलेल्या फांद्यांवर शेवाळ. २०१६ आणि २०१७ लागोपाठ ब्लीचिंग झालं, म्हणजे पाणी फार तापून कोरल पांढरी पडली, त्यानंतर २०२०, २०२२, २०२४. बायोलॉजिस्ट म्हणाली, नुसती कोरल मेली एवढाच प्रश्न नाही, आईबापच कमी झाले की पिल्लंही कमी, २०१८ मध्ये रीफवर बसलेल्या नव्या पिल्लांची संख्या आधीच्या सरासरीपेक्षा ८९ टक्क्यांनी कमी भरली होती. म्हणून या रात्रींकडे सगळ्यांचं एवढं लक्ष असतं.

दुपारी जेवणानंतर तिने फोनवर फोटो दाखवले. परवाना असलेले संशोधक पौर्णिमेच्या आधी स्टॅगहॉर्नची एखादी फांदी टोकापासून थोडी खाली मोडून बघतात. मोडलेल्या जागी गुलाबी-लालसर ठिपके दिसले तर अंडी पिकलीत, याच पौर्णिमेला येणार. पांढरे ठिपके असतील तर कच्ची आहेत, या महिन्याला नाही. काहीच नसेल तर एकतर आधीच सोडलीत किंवा यंदा धरलीच नाहीत. एका फोटोत तो गुलाबी रंग इतका स्पष्ट होता की मी झूम करकरून बघत बसले. ही अंडी तयार व्हायला सहा ते नऊ महिने लागतात, म्हणजे आपण दोन-तीन रात्रींसाठी धावत येतो पण तयारी शरद-हिवाळ्यातच सुरू झालेली असते.

मग मी विचारलं, की ना डोळे, ना मेंदू, तर यांना कळतं कसं? ती म्हणाली, एकाच गोष्टीने कळत नाही, आधी महिना ठरतो, मग रात्र, मग तास. महिना ठरवतं पाणी, हिवाळ्यानंतर ते किती भराभर तापतंय आणि ऊन किती वाढतंय त्यावर. रात्र ठरवतो चंद्र. कोरलच्या पेशींत प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम नावाची प्रथिनं असतात, २००७ साली ॲक्रोपोरा मिलेपोरा या जातीत असं सापडलं की त्यातलं एक जनुक अमावस्येपेक्षा पौर्णिमेच्या रात्री जास्त जोरात चालतं. आणि तास ठरवतो सूर्यास्त. टाकीत ठेवलेल्या कोरलवर लवकर काळोख केला तर ती लवकर सोडतात, आणि सतत उजेडात ठेवली तर सगळंच फिस्कटतं. २०२१ साली तैवानमधल्या संशोधकांनी एका ब्रेन कोरलच्या जातीवर हेच नीट तपासलं, त्यांचं म्हणणं असं की पौर्णिमेचा उजेड हा इशारा नाहीच, पौर्णिमेनंतर सूर्यास्त आणि चंद्रोदयाच्या मध्ये जो काळोख पडायला लागतो तो इशारा आहे. त्यांनी काही कोरल पौर्णिमेच्या आधीच संध्याकाळी झाकून ठेवली, तर त्यांनी वेळेआधी सोडलं.

मला हे फारच आवडलं. आपण सगळीकडे "पौर्णिमेला कोरल फुलतात" असं वाचतो, आणि प्रत्यक्षात ती पौर्णिमा संपायची वाट बघत असतात.

पण तिला एक काळजी होती. यंदा पौर्णिमा महिन्याच्या सुरुवातीलाच आली होती. असं झालं की काही कोरलची अंडी पिकलेली असतात, काहींची नाही, आणि मग अर्धी या महिन्यात अर्धी पुढच्या महिन्यात असं होतं, त्याला स्प्लिट स्पॉनिंग म्हणतात. आमच्यासारख्यांना ते गैरसोयीचं, पण रीफला वाईटच असं नाही, २०१९ च्या एका अभ्यासात असं दिसलं की दोन हप्त्यांत सोडल्यामुळे पिल्लं वेगवेगळ्या प्रवाहांना लागून जास्त रीफवर पोचू शकतात. एका महिन्यात वादळ आलं तरी दुसरा हप्ता शिल्लक.

संकष्टी

नवऱ्याची संकष्टी असते, बोटीवरही होती. शेफला सांगितलं की हे चंद्र उगवल्यावर जेवणार, तर त्याला वाटलं डाइव्हिंगचा काहीतरी नवीन नियम आहे. मग समजल्यावर त्याने फळांची अशी प्लेट सजवून दिली की मेलबर्नच्या आजी म्हणाल्या, मलाही हाच उपास हवा.

दिवसभर वारा नाही, समुद्र सपाट. भरती-ओहोटीचा फरकही कमी होत चाललेला, कारण पौर्णिमेची उधाणाची भरती मागे पडून आपण अष्टमीच्या भांगेच्या भरतीकडे सरकत असतो. हेही उगाच नाही. पाणी कमी हललं तर अंडी आणि शुक्राणू एकमेकांना भेटेपर्यंत एकत्र राहतात, नाहीतर उधाणाला पांगून जातील. शिवाय सगळ्यांनी एकदम सोडलं की माशांची पोटं भरतात आणि तरीही उरतं.

साडेसातला पाण्यात उतरलो. जेलीफिशपासून वाचवणारा स्टिंगर सूट नखशिखांत, हातमोजे कोणाला नाहीत कारण हात लावायचाच नाही, टाकीला ग्लो स्टिक, टॉर्चला लाल फिल्टर. पाणी २७ अंश, उतरताना अंगावर काटासुद्धा आला नाही. बोटीखाली ट्रेव्हली आणि रेड बास दिव्यांच्या कडेला शिकारीला टपलेले, त्यांच्यामधून खाली गेलो, आठ-नऊ मीटरवर. एका कपारीत हिरवं कासव झोपलेलं. स्टॅगहॉर्नवर टॉर्च धरून धरून बघितलं, पॉलिप, म्हणजे कोरलचे एकेक इवले जीव, बाहेर आलेले, शांत, काही नाही. शेवटी वर यायच्या वेळी एका ब्रेन कोरलने थोडंसं सोडलं, हातभर तुकड्यातून, बाकी गोळा तसाच. फोटोग्राफर तिथून हलायला तयार नव्हता, हवा संपत आली म्हणून डाइव्ह लीडरने त्याला ओढून आणलं.

वर आलो, चहा घेतला, आणि डेकवर बसलो. चंद्र दहा वाजून गेले तरी नाही. नवरा क्षितिजाकडे बघतोय, त्याच्या शेजारी बायोलॉजिस्ट हातात चंद्रोदयाचं टेबल घेऊन, दोघंही सारखंच अस्वस्थ. तिने विचारलं तुम्हाला वेळ कशी माहीत असते, याने सांगितलं की आमच्याकडे भिंतीवर छापून येते, दर महिन्याची, गावांप्रमाणे वेगवेगळी. तिला ते खरंच वाटेना, म्हणून घरी फोटो पाठवायला सांगितला, सासूबाईंनी लगेच पाठवला. ती ते पान बराच वेळ बघत होती, मग म्हणाली हे आमच्या लॅबमध्ये लावायला हवं. साडेदहाच्या पुढे चंद्र वर आला, हा जेवायला गेला.

पंचमी

सकाळपासून बोटीवर कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. दुपारची डाइव्ह आम्ही टाळली, रात्रीसाठी दम राखून ठेवला. अंधार पडायच्या आधी कप्तानाने डेकवरचे मोठे दिवे बंद केले, फक्त कायद्याने लागतात तेवढे ठेवले. कारण साधं आहे, रात्रीच्या कृत्रिम उजेडाने कोरलचं घड्याळ बिघडतं. २०२३ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून केलेल्या अभ्यासात दिसलं की किनाऱ्यावरच्या शहरांचा उजेड ज्या रीफवर पडतो तिथे स्पॉनिंग एक ते तीन दिवस आधी, पौर्णिमेच्या जवळ सरकतं, कारण सूर्यास्तानंतरचा काळोख त्यांना नीट कळतच नाही. लाल समुद्रात एलातजवळ तर काही जातींचा मेळच तुटलेला सापडला, एक कोरल आज सोडतंय तर शेजारचं आठवड्याने, २०१९ चा तो पेपर आहे. आणि मेळ तुटला की संपलंच, कारण बहुतेक कोरलमध्ये नर-मादी एकातच असले तरी स्वतःच्याच अंड्यांशी फलन सहसा होत नाही, शेजारी लागतोच.

सव्वासातला उतरलो. या वेळी खाली गेल्या गेल्याच वेगळं वाटलं. टॉर्चच्या उजेडात बारीक किडे इतके जमले की हात दिसेना, ते समुद्री वर्म्स, त्यांचाही याच रात्रींत हंगाम असतो. बायोलॉजिस्टने एका स्टॅगहॉर्नसमोर थांबवलं आणि बोटाने खूण केली, जवळून बघा. फांदीवरच्या प्रत्येक पॉलिपच्या तोंडाशी एक गुलाबी ठिपका आलेला. याला सेटिंग म्हणतात, बंडल, म्हणजे अंडी आणि शुक्राणूंची गोळी, वर सरकून तोंडात अडकवून ठेवलेलं असतं, अर्धा तास, कधी जास्त. अख्ख्या फांदीवर एक पॉलिप रिकामा नाही. मी श्वास सोडायलाही सांभाळून सोडत होते की बुडबुडे लागायला नकोत.

मग एका फांदीच्या टोकाचा एक ठिपका सुटला. तोंड थोडं ताणलं गेलं, गोळी बाहेर आली, क्षणभर तिथेच चिकटून राहिली आणि सरळ वर निघाली. मग शेजारचा. मग खालच्या फांदीवरचे. आणि मग काही सेकंदांत त्या कोरलने सगळंच सोडलं, आणि पलीकडच्या कोरलनेही, आणि त्याच्या पलीकडच्या. भिजवलेल्या साबुदाण्याएवढे गुलाबी दाणे, हजारो, सगळे वर चाललेले, संथ, एका चालीने. प्रत्येक दाण्यात पाच-दहा अंडी आणि मध्ये शुक्राणूंचा गोळा, अंड्यांत चरबी भरपूर म्हणून ते तरंगतात. मास्कवर, हातावर, केसांत, सगळीकडे. नवऱ्याच्या कपाळाला चिकटलेले दाणे मी बोटाने काढले, हाताला चिकट लागत नाहीत, लगेच सुटतात.

सगळ्यांची वेळ एक नसते ही गंमत मला माहीत नव्हती. ॲक्रोपोरा टेनुइस नावाची जात सूर्यास्तानंतर लगेचच सोडून मोकळी होते, आम्ही उतरायच्या आधीच तिचं झालेलं होतं, आणि मिलेपोरा नंतर, सूर्यास्तानंतर दोन-तीन तासांनी. जवळच्या नात्यातल्या जाती आहेत, एकाच रात्री सोडतात, पण दीड-दोन तासांच्या फरकामुळे त्यांचा संकर फारसा होत नाही. काही कोरलमध्ये नर आणि मादी वेगवेगळे असतात, त्यातला एक नर मश्रूम कोरल शुक्राणूंचा धूर सोडत होता, पांढरा, धापा टाकल्यागत थांबून थांबून. डॅमसेल मासे, जे एरवी रात्री फांद्यांत झोपलेले असतात, ते बाहेर येऊन खात सुटलेले. एक इतका खाल्लेला होता की दाणा तोंडाशी आला तरी वळेना.

पृष्ठभागावर आलो तर तोंडाशी गुलाबी साय, आणि वास, मासळी आणि ओल्या मातीच्या मधला काहीतरी, मेलबर्नच्या आजोबांनी नाक धरलं. वर आल्यावर बंडल फुटतात, अंडी सुटतात, शुक्राणू सुटतात आणि दुसऱ्या कोरलच्या अंड्यांपर्यंत पोचतात. आम्ही शिडीला लटकून बघत होतो, कोणालाच बोटीत चढायचं नव्हतं. कप्तान ओरडला तेव्हा चढलो.

सगळ्या कोरलने सोडलं का? नाही. बायोलॉजिस्टचा अंदाज खरा ठरला, उताराच्या पलीकडची बरीचशी स्टॅगहॉर्न नुसती बसून होती, तिने लाल टॉर्च मारून एकेक तपासली, सेटिंग नाही. ती म्हणाली ही डिसेंबरवाली.

षष्ठी, परत किनाऱ्याला

पहाटे डेकवर आलो तर पाण्यावर लांबच लांब पट्टे, फिकट गुलाबी, काही ठिकाणी तपकिरी. आजोबा आंबेवाले म्हणत होते ते हेच. पण सगळेच पट्टे कोरलचे नसतात बरं का, ट्रायकोडेस्मियम नावाचं सूक्ष्म जीवांचं पीक याच दिवसांत असंच तरंगतं, लाकडाच्या भुशासारखं दिसतं, कॅप्टन कुकच्या बोटीवरच्या लोकांनीही १७७० मध्ये तसलं काहीतरी नोंदवून ठेवलंय. बायोलॉजिस्टने बादलीत पाणी काढून दाखवलं, आमच्या पट्ट्यात गोल दाणे होते, काही रात्रीतच कित्येक पेशींत विभागलेले, भिंगातून स्पष्ट दिसत होतं. दीड-दोन दिवसांत यांची पोहणारी पिल्लं होतात, मग साधारण चार ते सात दिवसांत ती खाली उतरून बसायची जागा शोधायला लागतात, काही मात्र आठवडेच्या आठवडे तरंगत राहू शकतात आणि दुसऱ्याच रीफवर पोचतात. बहुतेक वाटेत खाल्ली जातात, हे सांगायला नकोच.

केर्न्सला उतरल्यावर लगेच विमान नको, शेवटच्या डाइव्हनंतर १८ ते २४ तास जमिनीवर राहायचंच, आम्ही ते आधीच धरून ठेवलं होतं. पुन्हा रस्टीजला गेलो, आंबेवाल्यांना फोटो दाखवले, त्यांनी पैसे घेतले नाहीत.

आता जायचं असेल तर काही गोष्टी. डाइव्हिंगचं नुसतं ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीचं सर्टिफिकेट, असेल तर बऱ्याच बोटी नाईट डाइव्हला गाइडसोबतच सोडतात, आधी नाईट डाइव्हचा सराव करून जा, पहिलीच नाईट डाइव्ह स्पॉनिंगला करायची म्हणजे लक्ष सगळं स्वतःच्या श्वासाकडेच राहतं. डाइव्ह येत नसेल तर स्नॉर्कलिंगनेही वरची साय दिसते. मरीन पार्कचा पर्यावरण कर बोटीच्या पैशांत धरलाय की वेगळा, हे आधी विचारून घ्या. पौर्णिमेनंतरची तिसरी ते सहावी रात्र अशी पूर्ण बोटीवर काढा, एका रात्रीसाठी जाऊ नका. ऑक्टोबरात येणार असाल तर टाउन्सव्हिलसमोरचं मॅग्नेटिक आयलंड, तिथे किनाऱ्याजवळ आधी होतं. नोव्हेंबर जमतच नसेल तर ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेकडच्या निंगालू रीफवर मार्च-एप्रिलमध्ये होतं, पौर्णिमेनंतर सात ते दहा रात्रींनी. देश तोच, ऋतू उलटा, आणि चंद्र तोच असून तिथी वेगळी. असं का, यावर बायोलॉजिस्ट आणि फोटोग्राफरचं बोटीवर तासभर वाजलं, निकाल लागला नाही.

आणि पौर्णिमा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत असेल तर पुढच्या महिन्याच्याही तारखा हाताशी ठेवा. डिसेंबरात बायोलॉजिस्टचा मेल आला, उताराच्या पलीकडच्या त्या स्टॅगहॉर्ननी सोडलं, पौर्णिमेनंतरच्या पाचव्या रात्री, आठ वाजून वीस मिनिटांनी. खाली ताजा कलम, नव्या वर्षाचं कालनिर्णय मिळेल का.